खोकताना किती दुखतं? जुन्या टाक्यांवरचा हर्निया, धुराने थकलेली छाती आणि पोटाच्या भिंतीतले ब्लॉक

पेशंट बाई. वय ६१, वजन ६४ किलो, उंची १५५ सेंटीमीटर. काही वर्षांपूर्वी आतड्याला छिद्र पडलं म्हणून पोटाच्या मधोमध उभा छेद घेऊन तातडीचं ऑपरेशन झालं होतं. त्याच टाक्यांच्या जागी पुढे हर्निया आला. आधी लिंबाएवढा, मग हळूहळू वाढत गेलेला. झोपलं की आत जायचा, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. या वेळी मात्र तो बाहेर आला तो आत जाईना. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. कॅज्युअल्टीत सर्जननी बऱ्याच खटपटीने तो आत बसवला, पण पुन्हा अडकला तर आतडं काळं पडण्याची भीती होती. ऑपरेशन लांबवण्याइतका वेळ नव्हता.

(पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाजू तशीच ठेवली आहे.)

हर्निया दुरुस्त करणं हे सर्जनचं काम, आणि ते चांगल्या हातांत होतं. भूलतज्ज्ञ म्हणून माझ्यापुढचा प्रश्न ऑपरेशननंतरच्या दोन दिवसांचा होता. मावशी विडी-तंबाखूला कधी शिवलेल्या नाहीत, पण सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. त्यांना सीओपीडी होता, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार. घरात त्याला दमाच म्हणत. सकाळी उठल्यावर कफ सुटेपर्यंत खोकला, दोन जिने चढले की थांबावं लागे. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, त्यासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. क्रिएटिनिन १.७. म्हणजे मूत्रपिंडही पुरतं साथ देणारं नव्हतं.

आता वेदनेवरचे नेहमीचे उपाय या पेशंटपुढे ठेवून पाहू. डायक्लोफेनॅक किंवा त्या जातीचं कुठलंही औषध: मूत्रपिंडामुळे बंद. मॉर्फिनसारखी औषधं भरपूर द्यावीत तर श्वास मंदावतो, खोकल्याची उबळ दबते, आणि या छातीला नेमकं तेच परवडणारं नव्हतं. शिवाय लहान गावातल्या हॉस्पिटलांत मॉर्फिन सहसा नसतंच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन परवान्यांची वाट सोपी झाली, तरी बहुतेक ठिकाणी वॉर्डात हाताशी असतं ते त्याच जातीचं, पण सौम्य ट्रॅमाडॉल. एवढ्या मोठ्या छेदासाठी मणक्यातला एपिड्युरल कॅथेटर, म्हणजे सतत औषध सोडणारी बारीक नळी, हा जुना, भरवशाचा मार्ग. पण क्लोपिडोग्रेल थांबवून पाच ते सात दिवस गेल्याशिवाय मणक्यात सुई घालायची नसते. आत रक्ताची गाठ झाली तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय कायमचे जाऊ शकतात. इथे गोळी थांबवून जेमतेम दोन दिवस झालेले. म्हणून एपिड्युरल बंद, आणि त्याच कारणाने स्पायनल, म्हणजे पाठीत एकदाच द्यायचं भुलीचं इंजेक्शनही बंद.

मुलाने वेगळ्याच कारणासाठी सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं डॉक्टर, पाठीत सुई नको. जन्माची पाठ धरते म्हणतात." हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. पाठदुखीची इतर कारणं इतकी आहेत की त्या सुईवर उगाच आळ येतो, हे मी त्याला सांगितलं. नकाराचं खरं कारण रक्त पातळ करणारी गोळी आहे, हेही सांगितलं. पेशंटच्या घरच्यांना चुकीच्या कारणाने समाधान मिळालं तर ते पुढच्या ऑपरेशनला नडतं.

उरलं ते पॅरासिटामॉल आणि पोटाच्या भिंतीतले ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारी इंजेक्शनं. यांतही आधार ब्लॉकचाच, पॅरासिटामॉल सोबतीला. ठणठणीत पेशंटमध्ये ब्लॉक जमला नाही तर डायक्लोफेनॅकवर वेळ निभावते. इथे तशी सोय नव्हती. म्हणून कुठला ब्लॉक, कुठे, किती औषध आणि तो उतरल्यावर काय, या चारही गोष्टी आदल्या संध्याकाळीच कागदावर आणल्या.

पोटाच्या पुढच्या भिंतीला संवेदना पुरवतात त्या छातीच्या खालच्या भागातल्या नसा, साधारण सहाव्या-सातव्यापासून बाराव्यापर्यंत, आणि कमरेतली पहिली. बेंबीची जागा दहाव्या नसेची. या नसा पाठीकडून पुढे येताना कुशीत दोन स्नायूंच्या मधून जातात: वर इंटर्नल ऑब्लिक, खाली ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस. त्या दोहोंमधल्या पातळ फटीत बधिर करणारं औषध पसरवलं की नसा काही तासांसाठी गप्प होतात. यालाच टॅप ब्लॉक म्हणतात. २००१ मध्ये रफी यांनी तो कमरेवरच्या त्रिकोणी खाचेतून, हाताला सुईची 'टिक' जाणवण्यावर भरवसा ठेवून करायची पद्धत मांडली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेबार्ड आणि सहकाऱ्यांनी तो सोनोग्राफीत बघून करायची रीत मांडली, आणि तेव्हापासून तो खऱ्या अर्थाने सर्वांच्या आवाक्यात आला.

इथे एक गफलत फार वेळा होते, म्हणून जरा थांबतो. 'टॅप ब्लॉक दिला होता, तरी पेशंट ओरडत होता' हे वाक्य मी अनेक सर्जनांकडून ऐकलं आहे. विचारलं की कळतं, छेद बेंबीच्या वर होता आणि ब्लॉक कुशीत, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध दिलेला. कुशीतला ब्लॉक बेंबीच्या खालचा भाग चांगला बधिर करतो. वर तो भरवशाने पोचत नाही. बेंबीच्या वरच्या छेदासाठी बरगडीच्या कडेखाली, पोटाच्या पुढच्या उभ्या रेक्टस स्नायूच्या मागच्या फटीत औषध द्यावं लागतं. त्याला सबकॉस्टल टॅप म्हणतात. सुई आणि औषध दोन्हींत तेच, फक्त जागा वेगळी, आणि सगळा फरक त्या जागेने पडतो. छेद कुठून कुठपर्यंत जाणार, हर्नियाला आधार देणारी जाळी कुठपर्यंत पसरणार आणि साचलेलं रक्त-पाणी बाहेर नेणारी ड्रेनची नळी कुठून काढणार, हे सर्जनना विचारल्याशिवाय ब्लॉक ठरवूच नये. ड्रेनचं तर हमखास विसरलं जातं. मधला छेद पूर्ण बधिर, आणि पेशंट कुशीतल्या नळीच्या टाक्यापाशी हात ठेवून कण्हतोय, असं दृश्य दिसतं.

मावशींचा छेद बेंबीच्या बऱ्याच वरून सुरू होऊन बेंबीच्या किंचित खाली संपणार होता. जाळी दोन्ही बाजूंच्या रेक्टस स्नायूंच्या मागे बसणार होती. ड्रेन डाव्या कुशीत खाली. म्हणजे वरचाही भाग हवा आणि खालचाही. ठरलं ते असं: दोन्ही बाजूंना सबकॉस्टल आणि दोन्ही बाजूंना कुशीतला, एकूण चार जागा.

दुसरे पर्याय होते. रेक्टस शीथ ब्लॉक हा त्यातला सर्वांत जुना, श्लाइख यांनी १८९९ मध्ये वर्णन केलेला. मधल्या छेदासाठी तो छान, पण सर्जन त्याच जागेत शिरून जाळी बसवणार होते आणि ड्रेनचा भाग त्यात येत नव्हता. पाठीतल्या इरेक्टर स्पायनी स्नायूखाली द्यायचा ब्लॉक २०१६ मध्ये फोरेरो यांनी पुढे आणला आणि पुढच्याच वर्षी पोटाच्या हर्नियासाठी त्याचा वापर छापून आला. तो पोटाच्या आतल्या वेदनेलाही थोडा उपयोगी पडतो असं मानतात. पण पुढच्या भिंतीपर्यंत त्याचा पसर प्रत्येकात सारखा होत नाही, आणि या पेशंटमध्ये मणक्याच्या आसपास शक्यतो जायचंच नव्हतं. कमरेतल्या क्वाड्रेटस लंबोरम स्नायूजवळचा ब्लॉक खोल असतो. तिथे रक्त जमलं तर बाहेरून दाबता येत नाही. टॅपची जागा तुलनेने उथळ. क्लोपिडोग्रेलच्या पेशंटमध्ये हा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक होता.

मग औषधाचा हिशेब. रोपिव्हकेन या बधिर करणाऱ्या औषधाची वरची मर्यादा दर किलोला ३ मिलिग्रॅम धरतात. ६४ किलोला १९२ मिलिग्रॅम होतात. पण चरबीच्या वजनावर औषध मोजायचं नसतं. त्यांच्या उंचीला योग्य वजन ४८ किलोच्या आसपास, म्हणजे मर्यादा १४४. ०.२ टक्क्यांच्या २० मिलीच्या तीन बाटल्या घेतल्या: ६० मिली, १२० मिलिग्रॅम. प्रत्येक जागी १५ मिली. पोटाच्या भिंतीत औषध किती पसरतं याला महत्त्व असतं, तीव्रतेला त्या मानाने कमी. म्हणून पातळ आणि भरपूर.

आणि ऑपरेशनआधी सर्जनना एक विनंती: शेवटी टाक्यांच्या कडेला ब्युपिव्हकेन (त्याच जातीचं औषध) टोचू नका. सवयीने, चांगल्याच हेतूने ते देतात. पण ही सगळी औषधं रक्तात एकत्र मोजली जातात. मर्यादा ओलांडली तर ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव, मग झटके, आणि शेवटी हृदयाची लय बिघडणं. भूल दिलेल्या पेशंटला पहिली लक्षणं सांगताच येत नाहीत. म्हणून यावरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली, ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) समोर ठेवलेली असावी. पहिला डोस दर किलोला १.५ मिली, म्हणजे मावशींसाठी शंभर मिलीच्या आसपास. ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक ओटीत ही बाटली असलीच पाहिजे, आणि ती कुठे आहे हे सिस्टरना माहीत असलं पाहिजे. याबाबतीत मी कोणाचीही सबब ऐकत नाही.

सोनोग्राफी यंत्राबद्दलही सांगायला हवं. महाराष्ट्रात बहुतेक भूलतज्ज्ञ एका दिवसात तीन-चार हॉस्पिटलं फिरतात. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते नोंदलेल्या जागीच वापरायचं असतं. आपलं छोटं यंत्र गाडीत टाकून गावोगाव फिरता येत नाही. हा कायदा मुलींच्या जिवासाठी आहे आणि तो कडकच असायला हवा. पण त्याचा अर्थ असा की हॉस्पिटलने स्वतः यंत्र घेऊन, नोंदवून, ओटीत ठेवलं तरच तिथल्या पेशंटला बघून दिलेला ब्लॉक मिळतो. या हॉस्पिटलात ते होतं. नसतं तर या पेशंटमध्ये बरगडीखाली आंधळेपणाने सुई घालायला मी तयार झालो नसतो. कुशीतल्या न बघता दिलेल्या ब्लॉकमध्येसुद्धा यकृताला सुई लागल्याची नोंद आहे.

सकाळी वाफारा देऊन, छाती ऐकून पूर्ण भूल दिली. छेद घेण्याआधी ब्लॉक. कुशीत सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की सहसा तीन स्नायू एकाखाली एक स्पष्ट दिसतात. मावशींचे स्नायू वयाने आणि हर्नियाने पातळ झालेले, डावीकडे जुन्या व्रणामुळे थर एकमेकांना चिकटलेले. अशा वेळी घाई करायची नाही. सुईचं टोक पडद्यावर दिसत असल्याशिवाय ती पुढे सरकवायची नाही. योग्य फटीत आल्यासारखं वाटलं की आधी दोन मिली सलाईन सोडून बघायचं. स्नायूच्या आत असाल तर तो नुसता फुगतो, ढगाळ होतो. फटीत असाल तर दोन पांढऱ्या रेषा अलग होतात आणि मध्ये काळी जागा उघडते, शेंगदाण्याचं टरफल दाबल्यावर उकलतं तशी. ती उकल दिसली की मग औषध, दर पाच मिलीला मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहत. डावीकडच्या सबकॉस्टलला दोनदा सुई बदलावी लागली, बाकी तीन जागा सरळ गेल्या.

ऑपरेशन अडीच तास चाललं. आतडं सुरक्षित होतं, पण चिकटलेलं बरंच सोडवावं लागलं. फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं औषध सुरुवातीला १०० मायक्रोग्रॅम दिलं तेवढंच. नंतर नाडी किंवा रक्तदाब वेदनेमुळे उसळला नाही, त्यामुळे पुन्हा लागलं नाही.

वॉर्डात वेदना विचारायची पद्धत म्हणजे 'दुखतंय का?' आणि उत्तर 'नाही' आलं, किंवा पेशंट झोपलेला दिसला, की तक्त्यावर 'आराम' लिहायचं. पोटाच्या ऑपरेशननंतर हा प्रश्न अपुरा आहे. पोटावर चीर पडलेला माणूस निश्चल पडून राहिला तर त्याला फारसं दुखत नाही. तो निश्चल राहतो तेच मुळी दुखू नये म्हणून. श्वास वरवरचा घेतो, खोकला गिळतो. फुप्फुसांचे तळ मिटतात, कफ साचतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप येतो आणि एक्स-रेवर न्यूमोनिया दिसतो. म्हणून मी सिस्टरना दोन आकडे लिहायला सांगितले: पडून असताना शून्य ते दहा किती, आणि खोकताना किती. त्या शेजारी तिसरी नोंद, तीन चेंडूंच्या श्वासाच्या यंत्रात किती चेंडू वर जातात. ऑपरेशनआधी मावशी दोन चेंडू उचलत होत्या.

दुपारी भूल पूर्ण उतरल्यावर: पडून एक, खोकताना तीन, चेंडू दोन. मात्र खोकायला त्या तयारच नव्हत्या. "खोकलं तर टाकं तुटत्यात म्हन्त्यात." हीही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट. पोटावर उशी धरायला लावली, दोन्ही हातांनी ती घट्ट दाबून खोकायला शिकवलं. सर्जननी स्वतः येऊन सांगितलं, "मावशी, जाळी बसवलीये, टाके खोकल्याने तुटत नाहीत. खुशाल खोका." ब्लॉकइतकंच हे वाक्य कामाला आलं, असं मी मानतो. वेदना नसूनही भीतीने न खोकणारा पेशंट मी नेहमी पाहतो.

संध्याकाळी त्यांनी वेगळीच तक्रार सांगितली. "वरून काय न्हाई, आतून कळ येतीया." आतडी सोडवताना झालेल्या ओढाताणीची ती वेदना. टॅप ब्लॉक कातडी, स्नायू आणि पोटाचं आतलं अस्तर बधिर करतो. आतड्यांची वेदना दुसऱ्या नसांवाटे जाते आणि तिच्यावर त्याचा इलाज नाही. हे आधीच अपेक्षित होतं म्हणून घबराट झाली नाही. तरी सर्जननी पोट तपासून आत काही बिघडलेलं नाही याची खात्री केली, कारण ब्लॉक आहे म्हणून आतली कळ दुर्लक्षायची नसते. शिरेतून पॅरासिटामॉल दर सहा तासांनी चालूच होतं. ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम शंभर मिली सलाईनमधून सावकाश दिलं. कळ बसली.

खरी परीक्षा मध्यरात्रीनंतर. एकदा दिलेला ब्लॉक साधारण बारा तास, कधी थोडा जास्त टिकतो. एकच्या सुमारास तक्त्यावर आकडे बदलले: पडून तीन, खोकताना सात. ट्रॅमाडॉलचा दुसरा डोस दिला, झोप लागली, पण पहाटे चेंडू एकच उचलला जात होता. ऑक्सिजन ९५ वरून ९१ वर आला, छातीत उजवीकडे खाली कफ वाजत होता. नुसता 'दुखतंय का?' एवढाच प्रश्न विचारला असता, तर ही रात्र तक्त्यावर 'शांत झोप' म्हणून गेली असती.

ब्लॉकच्या जागी सतत औषध सोडणारे कॅथेटर का घातले नव्हते, हा प्रश्न इथे रास्त आहे. चार जागांना चार कॅथेटर, त्यांच्या चार नळ्या, शेजारी नवी जाळी आणि तिला जंतुसंसर्गाचा धोका, शिवाय रात्री त्यावर लक्ष ठेवणारी एकच सिस्टर. या सगळ्यांपेक्षा सकाळी पुन्हा एकदा ब्लॉक देणं मला अधिक सुरक्षित वाटलं, आणि तेच योजनेत लिहिलेलं होतं. मोठ्या केंद्रात, रात्रंदिवस वेदनेसाठी वेगळा चमू असताना, निर्णय वेगळा होऊ शकतो.

सकाळी सातला यंत्र बेडपाशी आणलं. मावशी जाग्या, त्यामुळे सुई दुखू नये म्हणून कातडीत आधी थोडं लिग्नोकेन. त्यांना सांगून ठेवलं की ओठांना मुंग्या आल्या किंवा कानात आवाज आला तर लगेच बोला. पहिल्या डोसला एकवीस तास झाले होते. पुन्हा १२० मिलिग्रॅम, चार जागी वाटून. या वेळी जाळीच्या आसपास सूज होती, म्हणून सबकॉस्टलची सुई जाळीपासून दूर, अधिक बाहेरून घातली. पाऊण तासाने खोकताना चार. वाफारा दिला, फिजिओथेरपिस्टनी पाठ थोपटली, उशी धरून मावशी खोकल्या आणि घट्ट पिवळा कफ बाहेर पडला. दुपारी ऑक्सिजन ९४, चेंडू दोन. संध्याकाळी मुलाच्या आधाराने वॉर्डातल्या वॉर्डात फेरी झाली.

दुसऱ्या रात्री ब्लॉक उतरला तेव्हा खोकताना पाच होतं. चोवीस तास पुढे गेल्यामुळे वेदनाच मुळात कमी झालेली. ट्रॅमाडॉलचा एकच डोस लागला. ताप आला नाही. ॲस्पिरिन थांबवलीच नव्हती. क्लोपिडोग्रेल कार्डिओलॉजिस्टच्या सल्ल्याने, ड्रेनमधलं रक्त थांबल्यावर सुरू झाली. पाचव्या दिवशी ड्रेन काढला, सहाव्या दिवशी घरी.

टॅप ब्लॉकवरचे अभ्यास पाहिले तर त्याचा फायदा पहिल्या चोवीस तासांपुरता आणि मध्यम स्वरूपाचा दिसतो. दुर्बिणीच्या लहान छेदांसाठी तर सर्जननी छेदाच्या कडेला टोचलेलं औषध बऱ्याचदा तेवढंच काम करतं. जांघेतल्या हर्नियाची गोष्ट आणखी निराळी, तिथल्या नसा वेगळ्या. म्हणून प्रत्येक हर्नियाला चार जागी ब्लॉक द्या, असं माझं म्हणणं नाही. पण ज्या पेशंटमध्ये बाकीची औषधं एकामागून एक बाद होतात, तिथे हे मध्यम फायद्याचं साधन छातीला वाचवू शकतं. त्यासाठी ते छेद पाहून बेतलेलं हवं, आणि ते उतरण्याची वेळ धरून पुढची तजवीज आधीच केलेली हवी.

सहा आठवड्यांनी मावशी दाखवायला आल्या. व्रणाच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग अजून बधिर होता आणि मुलाला वाटत होतं की इंजेक्शनचं औषध आतच राहिलं. ते औषध एका दिवसात निघून जातं. छेद घेताना आणि जाळी बसवताना कातडीचे बारीक तंतू तुटतात, त्यांचा तो बधिरपणा. काही महिन्यांत कमी होतो, क्वचित थोडा उरतो, हे त्याला समजावलं. खोकताना दुखतं का, विचारलं. "आता न्हाई." चूल अजून चालू आहे का, हेही विचारलं. पाणी तापवायला आहे म्हणाल्या. जड हंडा उचलायचा नाही, पंप रोज घ्यायचा आणि चुलीपुढे दुसऱ्या कोणी बसायचं, हे मुलाच्या समोर पुन्हा एकदा सांगून पुढची तारीख छातीच्या डॉक्टरांकडची दिली.